मुका गिअरबॉक्स

धुळ्यात नवऱ्याचं गॅरेज होतं तेव्हा तीस वर्षं मी गिअर रॉकेलमध्ये धुतले. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण गिअरचा दात किती झिजलाय ते मला बोटाला कळायचं, आणि गिअरबॉक्स हाताने फिरवला की आतलं बेअरिंग कानाला कळायचं. याचा मला माज होता. नवरा गेला, गॅरेज गेलं, माज राहिला.

मुलगा साक्रीकडच्या पाड्यांवरून जुन्या जीपने माणसं आठवडे बाजाराला आणायचा. जीपचं इंजिन कायमचं बंद पडलं तेव्हा त्याने एका छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं. इंजिन दणकट होतं. जीपचा जुना गिअरबॉक्स मात्र पहिल्याच चढाला फुटला. बैलाचं बळ बकरीच्या मानेवर दिलं तर दुसरं काय होणार?

मुलगा म्हणाला, "माय, भक्कम गिअरबॉक्स नही भेटना ते मी सुरतले निंघी जासू."

सुरतला गेलेली पोरं दिवाळीला येतात आणि भाऊबीज झाली की जातात. मी म्हटलं, "चल जळगावला. मी निवडते."

भंगारवाल्याकडे त्या इंजिनाला बसतील असे दोन गिअरबॉक्स होते. एक जड, चार गिअरचा, गंजलेला. त्याचे दात माझ्या अंगठ्याएवढे रुंद. मी तो फिरवला तर घरघरला. दुसरा पाच गिअरचा, पुसूनपासून ठेवलेला. फिरवला तर हूं की चूं नाही.

"अक्का, लोण्यासारखा शे," भंगारवाला म्हणाला.

मुलगा जड गिअरबॉक्सपाशी बसून राहिला. "माय, हाऊच लेवूत. कोरडा शे म्हनीसन वाजस. तेल टाकं की गप."

"कान तुझे का माझे?"

"तुनाच. पन दात पाहाय ना याना."

"तुझा बाप म्हणायचा, वाजतो तो घेऊ नये."

मुलगा उठला आणि हातावरचा गंज झटकू लागला. बापाचं नाव काढलं की तो वाद घालत नाही, हे मला माहीत होतं.

पाच गिअरच्या गिअरबॉक्समधल्या तेलात मी बोट बुडवून हुंगलं. तेलाला गोडसर वास होता. शेजारी केळ्यांचा ट्रक भरत होते. जळगावात केळ्याचा वास कुठे येत नाही? मी बोट पदराला पुसलं आणि म्हटलं, "हाच बांधा."

तो बसवून सहा बाजार झाले. सातव्या बाजारी मीही जीपमध्ये होते. मागे नऊ माणसं, कोंबड्या, कांद्याच्या गोण्या. घाटात दुसऱ्या गिअरला कडकड झाली आणि गाडी मागे सरकू लागली. लोकांनी चाकाला दगड लावले. खालून करपलेल्या केळ्याचा वास येत होता.

मुलाने झाकण उघडलं. आत लाकडाचा भुसा आणि पिकलेल्या केळ्याचा काळा लगदा, त्यात दुसऱ्या गिअरचे तुटलेले दात. भुसा आणि केळं भरलं की झिजलेला गिअरबॉक्स काही दिवस गप्प बसतो.

"बाबा बी हाईच भरे ना?" मुलाने विचारलं.

"भरायचा. विकायची गाडी असली की."

"आन केळं कोन कुस्करे?"

"मी."

त्याने झाकण परत लावलं आणि हात बोळ्याला पुसले. माणसं आपापली गाठोडी घेऊन पायी उतरू लागली. एक म्हातारी मला म्हणाली, "अक्का, चाल, उतार शे." मी चालले.

महिन्याभरात मुलगा सुरतला गेला. मी एकदा जळगावला जाऊन आले. जड गिअरबॉक्स कुणीतरी नेला होता. भंगारवाल्याने मला ओळखलं नाही, दुसराच एक पुसून ठेवलेला दाखवला. मी तो फिरवूनही पाहिला नाही.

जीप दारात आहे. इंजिन अजून चालू होतं. रविवारी मुलाचा फोन येतो आणि तो विचारतो, जीप विकू का. मी म्हणते, वीक, पण झाकण उघडून दाखव.