कोर्लईच्या चढावर मिलिंदसोबत चालणारा माणूस

आम्ही बौद्ध. आमच्या घरात देवाकडेही कुणी काही मागत नाही, तिथे भुताखेतांना कोण विचारतो... म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये एका फर्निचरच्या दुकानात बाबा पॉलिशचं काम करायचे. मला त्यांनी कधी ब्रशला हात लावू दिला नाही. "तू अभ्यास कर." शेजारचा मिलिंद मात्र दहावीनंतर त्यांच्या हाताखाली लागला. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो तो बाबांच्या कष्टांवर, हे मी विसरलेलो नाही. पण खरं सांगतो, मला मिलिंदचा हेवा वाटायचा. बाबा दिवसभर त्याच्यासोबत असायचे, एका डब्यात जेवायचे. मला भेटायचे ते थकलेले, डोळे मिटायला आलेले. माझा बी.कॉम.चा रिझल्ट लागायच्या दोन महिने आधी ते गेले.

त्याच वर्षी, २००४ च्या डिसेंबरात, मिलिंद आणि मी रेवदंड्याला त्याच्या मावशीकडे गेलो होतो. सकाळी सातला कोर्लईचा किल्ला चढायला लागलो. तो भराभर पुढे गेला. मी धापा टाकत मागे...

वर पाहिलं तर मिलिंद हातवारे करत बोलत चालला होता — आणि त्याच्या शेजारी कुणीतरी होतं. उजवा खांदा उतरलेला. दरवाजाच्या कमानीपाशी त्या माणसाने दगडावरून हाताची मागची बाजू फिरवली. घासलेलं लाकूड गुळगुळीत झालंय का, हे बाबा असंच बघायचे.

"मिल्या, थांब रे!"

मिलिंदने वळून हात केला. तो माणूस वळला नाही. दोघं कमानीतून आत गेले.

मी धावत पोचलो. मिलिंद तटावर एकटाच बसला होता.

"तुझ्यासोबत कोण होतं?"

"कोण असणार? काय ग्रॅज्युएट साहेब, एवढ्यात चक्कर आली?"

"मस्करी नको. बोलत होतास तू."

तो ओशाळला. "अरे, काकांशी... सकाळपासून लय आठवण येतेय त्यांची. बाजूलाच आहेत असं वाटलं, म्हणून बोलत होतो."

"काय बोललास?"

"सांगितलं — काका, तुमचा पोरगा फर्स्ट क्लासमध्ये पास झाला."

मी सगळा किल्ला पालथा घातला. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी काय पाहिलं, ते आजही मला उलगडलेलं नाही. मिलिंदला मी हे कधी सांगितलं नाही. गड उतरेपर्यंत त्याच्याशी बोललोसुद्धा नाही.

ती बातमी बाबांना मी द्यायची होती.