दार उघडलं ते थुंकायला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शोभाला, म्हणजे बायकोला तर नाहीच. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं आमच्याकडे येणं-जाणं नाही. प्रमिलाबाईंच्या हातचा चहा तुम्ही प्यायलेला नाही.

आधी खर्र्याचं, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचं सांगतो. यवतमाळात ज्याच्या तोंडात खर्रा नाही असा माणूस शोधावा लागतो. मी मात्र शोभाची शपथ घेऊन सोडला होता — म्हणजे घरात सोडला होता. गाडीत खायचो. काच खाली करून थुंकलं की पत्र्यावर तांबूस ओघळ राहतो, आणि बायकोची नजर फार वाईट. म्हणून दार उघडायचं, वाकायचं, रस्त्यावर पिचकारी, दार बंद. मागे कोण बघतो? थुंकणारा माणूस खाली बघतो.

त्या दिवशी बाभुळगावला तिच्या माहेरी निघालो होतो. ती पेढे घ्यायला उतरली. मी गाडीतच, तोंड गच्च भरलेलं. डाव्या आरशात ती डबा घेऊन येताना दिसली आणि माझी धांदल उडाली. डावा आरसा पाहिला मी. उजवा — नाही पाहिला. दार सताड उघडलं.

सायकल दारावर आदळली. बाई उडून डांबरावर. प्रमिलाबाई — आमच्याच कॉलनीत पाच घरी पोळ्या करायच्या, एका घरून दुसऱ्या घरी सायकलनं जायच्या. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेली, उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं.

लोक जमले. सगळे माझ्याकडे बघत होते. पिशवीतून उडालेला त्यांचा फोन रस्त्यावर पडला होता. मी तोंडातलं गिळलं — हो, सगळं गिळलं — आणि म्हणालो, "बाई फोनवर बोलून राह्यली होती. सरळ दारावर आली." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला त्या लगेच जमल्या, याचीच आजही भीती वाटते.

दवाखान्यात मीच नेलं. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. जो तो फोनचंच सांगत होता, मग त्यांनीही तेच खरं धरलं. उलट माझीच माफी मागितली.

मनगट वाकडंच जुळलं. लाटणं धरवेना. पाचही घरं सुटली. शोभाला दया आली, तिनं त्यांना झाडपूस आणि चहापाण्याला आमच्याकडे ठेवलं. कॉलनीत माझं नाव झालं — आपल्याच गाडीवर आदळलेल्या बाईला काम दिलं म्हणून. रोज सकाळी त्या कप पुढे ठेवतात आणि मी पेपरात डोकं घालतो. झोप लागते का? लागते. हेही सांगून टाकतो.

पण इतकंच असतं तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या मुलीला, करुणाला, कॉलेजात प्रवेश मिळाला. लांब आहे कॉलेज. पोरगी आईची जुनी सायकल दुरुस्त करून बसली होती आणि आई जाऊ देईना. शेवटी तिला घेऊन माझ्यासमोर आल्या. "तुमीच सांगा जी तिले. माह्यं आयकत नाई. तुमच्या डोयासमोर झालं, माह्यंच ध्यान नोतं. हे बी माह्यासारखीच बेध्यान आहे."

शोभा समोरच बसली होती. मी घसा खाकरला. त्या पोरीला म्हणालो, आईच्या हाताकडे बघ. ती सावध असती तर हे झालं असतं का? सायकल नको. अगदी बापाच्या मायेनं बोललो. कुणी बळजबरी केली नव्हती, तोंडात खर्राही नव्हता.

पोरीनं मान डोलावली. सायकल त्याच आठवड्यात विकली.

आता करुणा पायी जाते, पाऊण तास आधी निघून. आमच्या फाटकापाशी थांबून "येतो काका" म्हणते. मी हात वर करतो.