पँट शाबूत आहे

रफूकाकांनी बुजवलेलं भोक पुन्हा शोधायचं तर काकांनाच बोलवावं लागे, अशी त्यांच्या हाताची ख्याती. लाँड्रीच्या दारातल्या बुटक्या पाटावर पाय दुमडून ते तीस वर्षं बसले. कपड्याच्याच मुडपीतून धागा काढायचा, फाटक्या जागी उभा-आडवा विणायचा, आणि गिऱ्हाइकाने “कुठे होतं हो?” असं विचारलं की गालातल्या गालात हसायचं. मिजास काय ती एवढीच.

अशा माणसाची पोटरी एका सकाळी, कामावर जाताना, मंडईमागच्या कचऱ्याच्या ढिगापाशी मोकाट कुत्र्याने धरली. धरली ती सोडेचना. त्या ढिगाबद्दल आणि त्यावर पोसलेल्या टोळीबद्दल गल्लीने नगरपालिकेला तीनदा लेखी कळवलं होतं. तिन्ही कागदांची पोच मिळाली, ढीग तसूभर हलला नाही. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ‘इंजेक्शन मोफत’ असं हातभर अक्षरांत रंगवलेलं. खिडकीतला माणूस म्हणाला, संपलंय, बाहेरून आणा. केसपेपरवर दोनच शब्द उमटले: ‘कुत्रा चावला’. कुठे, किती खोल, हे लिहायला कोणाला फुरसत होती?

घरी येऊन काकांनी काय करावं? पाय उशीवर ठेवला आणि काकूंनी धुऊन वाळवलेली पँट दोन दिवसांत रफू करून टाकली. अहो, आधी पाय तरी भरून येऊ द्या, असं काकू कपाळाला हात लावून सांगत होत्या. पण रफूवाल्याच्या घरात फाटकी पँट खुंटीला दिसली तर लोक काय म्हणतील, याचीच काकांना चिंता.

जखम भरली, पण पोटरीतली शीर आखडली. पाय दुमडून दहा मिनिटं बसलं की मुंग्या, मग कळ. स्टुलावर बसून पाहिलं, तर मांडीवर ताणल्याशिवाय कापड हाताला वळेना. महिनाभराने लाँड्रीवाल्याने पाट उचलला आणि तिथे हँगरचा स्टँड ठेवला.

पुतणी शिकलेली. मोकाट कुत्रा चावला तर नगरपालिकेने भरपाई द्यायची असा नियमच आहे, ती भीक नव्हे, हक्क आहे, असं तिने काकांना बजावलं आणि छापील अर्ज भरून दिला. सोबत केसपेपर, तक्रारींच्या पोची, आणि ‘अंगावरील कपडे जोडावेत’ असं छापलं होतं म्हणून ती पँट.

पाहणीला माणूस आला चार महिन्यांनी. दारातूनच पायाकडे नजर टाकून गेला. मग शेरा आला: ‘जखम दिसून येत नाही. पँट शाबूत आहे, त्याअर्थी दात आत गेलेले नाहीत. किरकोळ ओरखडा. अर्ज निकाली.’

आग विझल्यावर चार महिन्यांनी यायचं, आणि धूर दिसत नाही म्हणून घर जळलंच नाही असं लिहून जायचं, त्यातलीच ही गत. काका रागाने दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुतणीला घेऊन थेट कचेरीत गेले.

कारकुनाने फाइल उघडली, पँट झटकून उजेडात धरली आणि विचारलं, “काका, कुत्रा चावला होता की चाटून गेला?”

शेजारची दोन टेबलं हसली. पुतणी नियमाचा कागद काढून भांडायला उठली, तशी काकांनी तिला हातानेच थांबवलं. पँट मागून घेतली. उजव्या पायावरून डोळे मिटून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं आणि कॉलरमागे खोचलेली सुई काढली.

“अहो, काय करताय?”

“तुम्हाला दिसत नाही ना? दाखवतो.”

स्वतःचं रफू त्यांनी जन्मात उसवलं नव्हतं. आता धागे एकेक करून निघत गेले. चार भोकं उघडी पडली आणि खालच्या दोन भोकांमधली बोटभर चीर. मग काकांनी अंगातल्या पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि ते कापड पोटरीवर धरलं. एकेका भोकातून एकेक पांढुरका व्रण बाहेर पाहत होता. हसणारी टेबलं उठून जवळ आली.

“मोजा,” काका म्हणाले. “आणि ओरखडा लिहिलंय, ते खोडा.”

साहेबांना विचारावं लागेल, असं कारकून पुटपुटला.

“विचारा. मी उभा आहे. बसता येत नाही मला.”

साहेब आले. काकांनी कापड पुन्हा पोटरीवर धरून दाखवलं. शेऱ्यावर आडवी रेघ पडली, खाली सही झाली. अर्ज पुन्हा उघडला, सुनावणीची तारीख मिळाली. भरपाई मिळेल तेव्हा खरी. पण ‘किरकोळ’ हा शब्द तरी गेला. निघताना कारकून नरम आवाजात म्हणाला की हात भलताच कसबी आहे, आपल्याही एका कोटाची बाही फाटली आहे. आणा की, पाटावर बसता येऊ लागलं की करून देईन, असं काकांनी सांगितलं. तो खाली बघून कागद चाळू लागला.

पँट पुरावा म्हणून फाइलीत राहिली. पावतीवर लिहिलं होतं: ‘पँट एक, फाटलेली’. काकांनी ती जिन्यात दोनदा वाचली. घरी आल्यावरही त्यांना चैन पडेना. आपल्या हातचा कपडा तसा फाटका लोकांच्या कपाटात पडलाय, हे त्यांनी काकूंना तीनदा सांगितलं.

“पडू दे,” काकू पावती डब्यात ठेवत म्हणाल्या. “सुनावणीला जाल तेव्हाही, भरपाई हातात पडेपर्यंत त्याला सुई लावलीत तर बघा.”