लेन्सखालचा तांदूळ

जोतीरामच्या कॅमेऱ्याचा टेकू मी शिजायला घातला. या वाक्यावरून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं कुणाला वाटेल. त्या दिवशी जोतीरामलाही तसंच वाटलं. पण टेकू तांदळाचा होता, तांदूळ आजऱ्याचा घनसाळ होता, आणि घनसाळ हुंगल्यावर आपल्याकडच्या माणसाला भाताशिवाय दुसरं काही सुचत असेल, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. मला त्याचे डोळे आणि नाक दोन्ही तपासायची आहेत.

डोळे तपासण्याचा परवाना माझ्याकडे आहे, नाकाचा नाही. कोल्हापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एक सडपातळ, पन्नाशीचा गृहस्थ काळं नळकांडं काखेत धरून दुकानात आला. म्हशीच्या दुधाची चरवी धरावी तसं धरलं होतं.

"पावणं, काच पुसायचं मऊ फडकं हाय का? हिच्या मापाचं."

हिचं माप म्हणजे पुढची काच जवळजवळ जेवणाच्या वाटीएवढी. माझ्या दुकानातलं चष्म्याचं फडकं तिच्यापुढं हातरुमालासारखं दिसलं. मी विचारलं, ही काय भानगड? तर म्हणे, दीडशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स. कॅमेऱ्याच्या कंपनीची नव्हे, दुसऱ्याच कंपनीची. मोठ्या साहेबांच्या लेन्सा असतात त्यांच्या पासंगालाही ही पुरत नाही, पण पाखरू जवळ आणते.

"कशी आहे?"

"बरी हाय. पाचशेच्या फुडं ओढली की जरा मऊ पडती. उजेड कमी झाला की फोकस सापडत न्हाय तिला. गरागरा फिरती नुसती."

चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो, त्यामुळे मला त्या लेन्सबद्दल लगेच आपुलकी वाटली. मी म्हटलं, काढा माझा एक फोटो. जोतीरामनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "मागं सरा." मी सरलो. "अजून." मी काउंटरच्या मागे गेलो. "अजून." मागे भिंत होती. नऊ फुटांच्या आतलं या लेन्सला दिसत नाही म्हणे. शेवटी मी रस्ता ओलांडून समोरच्या टायरवाल्याच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझं फक्त नाक आलं. नाक मात्र उत्तम आलं.

तिथून ओळख वाढली. तो मला "दुकानदार" म्हणतो, मी त्याला जोतीराम. मूळचा वायरमन. उजव्या हाताची तीन बोटं बधिर. शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो; पण किती दाबलं ते बोटाला कळत नाही, म्हणून फोकसचं काम त्यानं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणाला, म्हणजे अंगठ्याला दिलं. अंगठा जिवंत आहे. फोटो निघाला की नाही, हे तो आवाजावरून ठरवतो.

बोटांची हकिकत त्यानं मला एकदाच सांगितली, तीही चहात साखर कमी आहे हे सांगावं तशी. तीन वर्षांपूर्वीच्या वळवात झाडं पडून लाईन तुटलेली. जोतीराम आणि त्याचा जोडीदार बाळासो, दोघं खांबावर. लाईन बंद केलेली, सगळं रीतसर. तेवढ्यात कुठल्याशा मंगल कार्यालयात कुणीतरी जनरेटर सुरू केला, आणि त्याचा करंट उलटा लाईनीत आला. "बाळासो खाली आला तवा गेलता. मी खाली आलो तवा न्हवतो गेलो." एवढंच. नंतर म्हणाला, "चहा गार व्हतोय."

आता तो तक्रारीच्या फोनवर बसतो. लाईट कधी येणार, म्हणून अर्धं गाव त्याला दिवसभर शिव्या देतं. तो म्हणतो, यील. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या असत्या. याला काहीच होत नाही. साहेब त्याच्या संयमाचं कौतुक करतात. त्याची बायको करत नाही. ती एकदा माझ्या दुकानात चष्मा न्यायला आली तेव्हा म्हणाली, "भांडतसुदीक न्हाईत वो आता."

बाळासोचं गाव शाहूवाडीकडं, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. घरामागं जुना बेहडा आहे आणि बेहड्याच्या ढोलीत दर वर्षी धनेशाची जोडी घर करते, हे बाळासोनंच जोतीरामला सांगितलं होतं. एकदा गावाकडं या, दावतो. ते राहून गेलं. मातीच्या वेळी जोतीराम दवाखान्यात होता, रक्षाविसर्जनालाही दवाखान्यात, उत्तरकार्यालाही. आपल्याकडे लग्न चुकवलेलं लोक विसरतात, पण मातीला न आलेला माणूस लक्षात राहतो. मग निदान नंतर तरी घरी जाऊन भेटावं लागतं. महिनाभरात गेलं तर ठीक. सहा महिन्यांनी जायला कारण लागतं. वर्ष उलटल्यावर कुठलंच कारण पुरत नाही.

म्हणून जोतीराम वाडीत जातो, पण घरात जात नाही. समोरच्या चढावर करवंदीच्या जाळीमागं बसतो आणि दोनशे फुटांवरून बेहड्याचे फोटो काढतो. तीन उन्हाळे. घरट्याच्या जवळ गेलं तर पाखराला त्रास होतो, असं तो सांगतो. ते खरंच आहे. पण बेहड्याखाली बाळासोच्या बायकोचं, तानाबाईंचं घर आहे, हेही तितकंच खरं आहे.

यंदा एप्रिलच्या शेवटी त्यानं मला बरोबर नेलं. म्हणजे माझी गाडी नेली, तिच्याबरोबर मी गेलो. पहाटे निघून उजाडायला वाडीच्या खाली पोचलो. तो कॅमेरा घेऊन पुढं चढला. जाताना म्हणाला, "गाडीतलं राहिल्यालं सामान घिऊन या. आन पाणी भरून आणा. पहिल्या घरात न्हाय, फुडच्या घरात मागा."

सामानात होत्या दोन रिकाम्या बाटल्या आणि एक पिशवी. पिशवी कसली, जुन्या खाकी पँटचा एक पाय. वरून खालून सुतळीनं बांधलेला. सोडून बघितलं तर आत तीन किलो घनसाळ. काय तो वास! माझ्या मनात जोतीरामबद्दल आदर दाटून आला. डोंगरात जाताना शिधा बरोबर न्यावा, वाडीतल्या एखाद्या घरी द्यावा आणि दुपारी त्यांच्याबरोबर बसून जेवावं, ही आपली जुनी रीत. कामाच्या गणवेशातून उरलेला पायही वाया न घालवता त्यात शिधा आणणारा माणूस, वा!

पुढच्या घराला कुलूप होतं. मी मागं आलो आणि पहिल्या घरात हाक मारली. चाळिशीच्या पुढची, उंच, डोक्यावर पदर घेतलेली बाई बाहेर आली. मी बाटल्या पुढं केल्या आणि सोबत मोठ्या रुबाबात खाकी पाय.

"शिधा आहे ताई. वर आम्ही दोघं आहोत. जमेल का?"

तिनं पिशवीकडं बघितलं. मग चढावरच्या करवंदीकडं. मग परत पिशवीकडं. "न जमायला काय झालं," म्हणाली आणि आत गेली.

वर पोचलो. जोतीरामनं एका खडकावर जागा साफ करून ठेवली होती. न बघताच हात मागं केला.

"पिशवी."

"दिली."

"कुणाला?"

"खालच्या घरात. भात घालायला."

तो वळला. "दुकानदार, त्यो टेकू हाय. दोन किलोची लेन्स हातात कितीदा धरायची? तांदळावर ठेवली की हलत न्हाय."

"मग घनसाळ कशाला भरायचा?"

"बायकू आजऱ्याची. घरात दुसरा तांदूळ न्हाय." मग खाली बघत त्यानं विचारलं, "कुठल्या घरात दिली?"

मी बोटानं बेहड्याखालचं घर दाखवलं. खालच्या कौलांतून धूर निघायला लागला होता. जोतीरामनं त्या धुराकडं बघितलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. शिव्यांची माझी तयारी होती. तो फक्त म्हणाला, "बसा हितं. पाय पसरा. पाठ सरळ ठिवा."

आणि लेन्स माझ्या खांद्यावर ठेवली.

पुढचे दोन तास मी तांदूळ होतो. श्वास घेतला की "हलू नका." खोकला आला की "गिळा." लेन्सच्या आत काहीतरी बारीक घुं घुं करत होतं, थरथर थोपवायचं यंत्र म्हणे. पण त्या यंत्राच्या कारखान्यात चष्मेवाल्याच्या ढेरीचा हिशेब कुणी धरलेला नसणार. मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेऊन बसली होती. फटीतून चोचीचं टोक तेवढं आत-बाहेर. आठ वाजता नर आला. पंखांचा आवाज असा, की डोंगरावर कुणीतरी सतरंजी झटकतंय. बेहड्यावर जायच्या आधी तो आमच्या बाजूच्या उंबरावर बसला, पन्नास फुटांवर. माझ्या कानाशी खट खट खट खट झालं.

"आला का?"

"आला."

"चांगला?"

"डोळा बरा आलाय."

आणि तेवढ्यात खालून हाक आली. आवाज असा, की उंबरावरचा धनेश आणि माझ्या खांद्यावरची लेन्स, दोन्ही एकदम उडाली.

"वो जोतीराम भावजी! भात झालाय! या खाली दोघंबी!"

लेन्स त्यानं वरच्यावर झेलली. मग ती मांडीवर घेऊन बसला.

"नाव घेतलं त्यांनी तुमचं," मी म्हटलं.

"ऐकलं."

"मग?"

"तुमी जावा. मी हितं सामानाजवळ थांबतो."

"सामान काय, एक लेन्स. तांदूळ तुमचाच आहे. आपला शिधा दुसऱ्याच्या चुलीवर शिजवून न जेवता जायचं म्हणजे काय?"

तो लेन्सचं झाकण लावायला गेला, ते दोनदा हातातून पडलं. ती तीन बोटं. मी उचलून दिलं नाही. खालून परत हाक आली, "गार व्हतंय की वो!" मग तो उठला. उतारावर मी पुढं होतो, आणि मागं पावलं वाजताहेत का, हे मी चारदा थांबून ऐकलं. वाजत होती.

पडवीत दोन ताटं मांडलेली. तानाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पहिलंच वाक्य: "तीन वर्सं झाली समोर येऊन बसताय. आमाला काय दिसत न्हाय व्हय? ती नळी उन्हात चमकती. गावातली पोरं म्हनत्यात, सरकारी मोजणी चाललीय."

"पाखराला तरास नको म्हणून..." जोतीराम म्हणाला.

"पाखरू आमच्या चुलीच्या धुरात वाढलंय. तुमचा काय तरास व्हनार हाय त्याला? बसा."

तो बसला. समोरच्या भिंतीवर बाळासोचा फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा जरा फुटलेला. जोतीरामनं तिकडं बघितलं आणि मग ताटाकडं. भात, मसुराची आमटी, कांदा. मला असल्या वेळी विनोद करायची खोड आहे, पण त्या दिवशी तोंडात भात होता ते बरं झालं.

आमटीची वाटी उतू जाईल एवढी भरलेली, चुलीवरची कढत. जोतीरामनं ती उजव्या हातात उचलली आणि तशीच धरून बसला. वाफ येत होती. तानाबाईंनी एकदा वाटीकडं बघितलं, एकदा त्याच्या तोंडाकडं. मग पदरानं वाटी धरून त्याच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"भाजंल की."

"कळत न्हाय," तो म्हणाला.

"किती बोटं?"

"तीन."

"डाव्यानं खावा मग. देव काय बघत न्हाय."

तो डाव्या हातानं जेवला. तानाबाईंनी दोनदा भात वाढला. मुलगी वारणानगरला शिकते, म्हैस आटली, पडवीतला पंखा उलटा फिरतो, एवढ्या बातम्या झाल्या. जोतीराम पंख्याकडं बघून म्हणाला, "कनेक्शन फिरवायला पायजे." त्या म्हणाल्या, "फिरवा की." त्यानं मेन बंद केला, दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा तपासला. स्टुलावर चढला. मी खालून स्टूल धरलं होतं आणि ते हलत नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. पाच मिनिटांत पंखा सुलटा फिरायला लागला.

निघताना तानाबाई म्हणाल्या, "एवढं बसून काय काढताय ते तरी दावा."

त्यानं कॅमेऱ्याच्या पाठीवर सकाळचा फोटो मोठा करून दाखवला. धनेशाचा लालभडक डोळा, आणि त्यावर काळ्या पापण्या, एकेक केस मोजावा अशा. तानाबाई वाकून बघत राहिल्या.

"अगंबाई! पापण्या हाईत की ह्याला! इतकी वर्सं डोक्यावर बसतोय, कधी दिसल्या न्हाईत."

आणि हसल्या. चांगल्या मोठ्यानं हसल्या. जोतीराम त्यांच्या हसण्याकडं बघत होता. एखाद्या अनोळखी गावाचं नाव रस्त्यावरच्या पाटीवर वाचावं, तसं. उरलेला घनसाळ त्यांनी खाकी पायात परत भरून दिला. म्हणाल्या, पुढच्या वेळी खडकावर बसू नका, पडवीतून फोटो जास्त चांगला येईल.

परतीच्या वाटेवर बांबवडं गाव आलं तरी तो तसाच बसला होता. लेन्स मांडीवर, हात लेन्सवर. मला राहवेना. आजवर कधी विचारलं नव्हतं, ते गाडी चालवता चालवता विचारलं: एवढं साधं होतं, दोनशे फूट उतरायचं होतं, मग तीन वर्षं का गेला नाहीत?

तो काचेतून बाहेर बघत म्हणाला, "वहिनी रडल्या असत्या, आन मला रडू आलं नसतं."