नवशिके हवालदारसाहेब

आमच्या हाटकेशच्या कारखान्यातले अग्निसुरक्षा सुपरवायझर लष्करातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना हवालदारसाहेब म्हणतो. ते सगळ्यांना सर म्हणतात, चहावाल्यालासुद्धा. बाह्या नेहमी कोपराच्या वर दुमडलेल्या, त्यामुळे उजव्या हातावरचा भाजल्याचा डाग सगळ्यांच्या ओळखीचा. लष्कराच्या डेपोतली आग विझवताना मिळालेला.

यंदा त्यांच्या अग्निसुरक्षेच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली. ते नवं केलं नाही, तर सुपरवायझरची खुर्ची जाऊन गेटवर दांडका हाती येणार. माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी योजना आहे, म्हणून ते सैनिक कल्याण कार्यालयात विचारायला गेले. तिथले साहेब म्हणाले, "नूतनीकरण म्हणजे शिक्षण नव्हे. मुदत संपू द्या. संपली की तुम्ही नवशिके. मग पहिल्यापासून कोर्स करा, सगळी फी देऊ. फक्त तुम्ही नवशिके आहात असं वर्गातल्या मास्तरांनी लिहून द्यायला हवं."

देशाला सैनिकाची काळजी एवढी, की त्याला येतं तेही विसरायची सोय केलेली.

"मी युनियनचं पत्रक काढतो याच्यावर," मी म्हणालो.

"नको सर. ऑर्डर आहे. करतोय मी कोर्स."

मुदत संपली, कोर्स सुरू झाला, आणि कंपनीने मलाही त्याच वर्गात पाठवलं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "इथे कुणी खरी आग विझवली आहे का?"

मी हवालदारसाहेबांकडे वळलो.

"गप बसा सर," ते पुटपुटले. "नवीन आहे मी."

भर उकाड्यात त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या, बटणं लावलेली.