उजवं पाऊल मागे

रत्नप्रभाबाई साठीच्या उंबरठ्यावर नाच शिकायला निघाल्या त्या आपल्या मुलाच्या एका फोनमुळे. स्वानंद व्हिएन्नात नोकरीला होता आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्याच लेनाशी लग्न करणार होता.

"आई, इथे लग्नात वॉल्ट्झ असतो. लेना तिच्या बाबांबरोबर नाचणार, मी तुझ्याबरोबर. नुसतं उभं राहून भागणार नाही हं."

त्यांचे यजमान मधुसूदनराव पेपर खाली ठेवून हसले. "तू नाचणार? गुडघे कसे आहेत ते तरी सांग त्याले."

"गुडघे ठीक आहेत. खांदाच तेवढा धरलाय."

उजवा खांदा दिवाळीपासून आखडला होता. डॉक्टरांनी शेकायला सांगितलं होतं. यवतमाळच्या भूमी अभिलेख कचेरीत तीस वर्षं मान खाली घालून लिहिण्यात गेली, त्याचंच हे, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दारव्हा रोडवर जफरभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. त्यावरच्या हॉलमध्ये त्यांची मुलगी तमन्ना नाच शिकवते. पुण्यात सहा वर्षं ती बॉलरूम नाच शिकली, तिथेच शिकवायलाही लागली, मग आजारी दादीसाठी परत आली. यवतमाळात तिच्याकडे बायका वजन उतरवायला येत, नवरानवरी लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमासाठी. "वॉल्ट्झ मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच, काकू," ती म्हणाली.

तमन्ना पुरुषाच्या जागी उभी राही. डाव्या हातात बाईंचा उजवा हात, उजवा हात त्यांच्या पाठीवर. पुरुष डावा पाय पुढे टाकतो, बाई उजवा पाय मागे. एक जड, दोन-तीन हलके.

"मागे न पाहता मागे जायचं?" बाईंनी विचारलं.

"तेच तर शिकायचं आहे. समोरच्यावर भरवसा ठेवायचा."

श्वास घ्यायला बसल्या की तमन्ना माहिती सांगे. हा नाच मुळात महालातला नाहीच. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीच्या खेड्यांतले लोक जोडीने गोल फिरत, तिथून तो शहरात आला. तोवर मोठ्या घरचे लोक बोटांना बोटं लावून, हातभर अंतर राखून नाचत. "यात तर सरळ मिठीच! केवढा गोंधळ झाला. घरंदाज पोरींनी हे करायचं नाही, गरगर फिरून तब्येत बिघडते, असं छापून यायचं."

"मग बंद पडला?"

"कुठचा? तेच लोक नाचायला लागले."

बाईंना मजा येत होती. घरी ओट्यापाशीही त्या तीन मोजत. पण तिसऱ्या आठवड्यात उजवं पाऊल उशिरा निघू लागलं. संगीत सुरू होई, तमन्ना पुढे येई आणि बाई जागीच. जणू चप्पल डांबराला चिकटली आहे. एकदा सुटलं की मग सगळं नीट.

"वय झालं माझं," त्या म्हणत. तमन्ना त्यांचा हात धरून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावे.

मे महिन्यात एका सकाळी मधुसूदनराव स्वयंपाकघरात धावत आले. कढईतली फोडणी जळून काळी झाली होती, घरभर धूर होता आणि बाई शेजारीच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"तुले वास नाही आला?"

बाईंनी कढईकडे पाहिलं. खरंच आला नव्हता. मोगऱ्याचा वास शेवटचा कधी आला होता, तेही त्यांना आठवेना.

मग व्हिसाचे अर्ज आले. एजंटच्या ऑफिसात त्यांनी सही केली. समोरच्या मुलीने पासपोर्टवरच्या सहीशी ती ताडून पाहिली. "मॅडम, जरा मोठी करा ना." त्यांनी पुन्हा केली. 'रत्न' जमलं, पुढची अक्षरं बारीक होत होत मुंगीएवढी झाली. तिसऱ्यांदाही तेच. ज्यांचं अक्षर कचेरीत नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवत, त्या बाई कागदाकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर मधुसूदनरावांना एवढंच म्हणाल्या, "पेन बरोबर नव्हतं."

गॅरेजच्या जिन्याखाली तमन्नाच्या दादीची, जोहराबींची, खाट होती. म्हातारी दिवसभर तिथे बसून असे. चेहरा कोरा, डोळ्यांची पापणी क्वचित लवे, मांडीवरच्या हाताची बोटं काहीतरी चोळत असल्यासारखी सतत हलत. बाई जाता-येता सलाम करत, उत्तर कधी मिळत नसे.

जूनच्या अखेरीस बाई जिना उतरून चप्पल घालत होत्या. जोहराबींनी हळूच मान वळवली.

"बेटी, कौनसे हाथ से शुरू हुआ?"

"काय?"

"मेरा भी सीधे हाथ से हुआ था."

बाईंनी खाली पाहिलं. बाजूला सोडलेल्या त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हलके हलके फिरत होता. त्यांनी तो पदरात लपवला आणि रिक्षा न बघता भर उन्हात चालू लागल्या.

चार दिवस त्या क्लासला गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी तमन्नाच घरी आली.

"काकू, माफ करा. पहिल्या महिन्यातच कळलं होतं मले. तुमचा हात वळवला की पप्पांच्या रॅचेट पान्यासारखा कट-कट सरकतो. दादीचा अस्साच होता. सांगायची हिंमत नाही झाली."

"काहून नाही सांगितलं?" मधुसूदनराव ओरडले. "दोन महिने?"

"तिला कशाला बोलता?" बाई म्हणाल्या. "मलाही कळत होतंच ना."

नागपूरच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं, एक ओळ लिहायला सांगितली. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. खांदा, गेलेला वास, बारीक अक्षर, अडकणारं पाऊल, सगळं त्याचंच. गोळ्यांनी बरं वाटेल, पण आजार बरा होणार नाही. किती भरभर वाढेल ते आज सांगता येणार नाही. नाच चालू ठेवा, मात्र सांभाळून.

दोघं बसने परतले. घराजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "लग्न होईस्तोवर स्वानंदला सांगायचं नाही." मधुसूदनरावांना ते पटलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

गोळ्यांचा गुण आला. व्हिएन्नाचा वॉल्ट्झ फार वेगाचा, म्हणून तमन्नाने त्यांना संथ वॉल्ट्झ बसवून दिला. त्याचा वेग जवळजवळ निम्मा. स्वानंदला कळवलं, आईला संथच हवा.

ऑक्टोबरात व्हिएन्नातल्या एका हॉलच्या लाकडी फरशीवर, निळ्या पैठणीत, बाई स्वानंदसमोर उभ्या राहिल्या. दुपारची गोळी वेळेवर घेतली होती. संगीत सुरू झालं. स्वानंदने पाऊल उचललं आणि बाईंचा उजवा पाय निघाला नाही. भोवती शंभर माणसं. एक-दोन-तीन गेलं, पुन्हा एक-दोन-तीन. कुणीतरी कौतुकानं टाळी वाजवली, लोकांना वाटलं आईला भरून आलं आहे.

"आई?"

"थांबू नकोस. मला जरा इकडून तिकडे झुलव, मग पाऊल टाक."

त्याने तसं केलं. वजन डाव्या पायावर गेलं, उजवा सुटला आणि त्या मागे निघाल्या. अडीच मिनिटं नाचल्या, एकही ठेका चुकला नाही. पण त्यांचा उजवा हात त्याच्या मुठीत होता, आणि शेवटी त्याने तो सोडला नाही.

"हा असा का हलतोय?"

"उद्या सांगते."

"आज सांग."

लेना तिच्या बाबांबरोबर त्यांच्या शेजारून गिरकी घेत गेली. बाईंनी तिच्याकडे बघून हसून घेतलं आणि स्वानंदला खिडकीपाशी नेऊन सगळं सांगितलं. तो ऐकताना त्यांच्याकडे नाही, हाताकडेच बघत होता.

"वाढणार का हे?"

"हो," बाई म्हणाल्या. "जा आता. लेना वाट बघतेय."