पाण्यात बसणारा ढवळ्या

धुळ्याच्या बैलबाजारातल्या आबांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांचं कौतुकच करणार आहे. चेहरा ओळखण्यात त्यांच्या तोडीचा माणूस साऱ्या खानदेशात नव्हता. हनुवटी पाहून ते आजोबाचं नाव सांगत. एकदा सौदा मोडून गेलेला शिंदखेड्याचा एक गडी मिशी काढून नव्यानं भाव करायला आला. आबा म्हणाले, "मिशी काढी टाकी, भाऊ, पन कान त्याच शेतस." अख्खा बाजार हसला. गडी वाढीव भाव देऊन बैल घेऊन गेला.

मी डोक्यावरून लुगडी विकत गावोगाव फिरलो, तेव्हा कुठं गाडी झाली. मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आबांकडून ढवळ्या घेतला. "गाईसारखा गरीब," ते म्हणाले. गरीब होताच. पावसाळ्यात पांझरा नदीच्या पाण्यात पाय पडताच तो गाडीसकट खाली बसला. कापडाचे गठ्ठे भिजले. मी बाजारात जाऊन जाब विचारला, तर आबा शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी कुठं होतं दाखवायला?" पुन्हा सारे हसले. मी तिथंच ओरडलो, चूक कबूल करेपर्यंत तुम्हाला तोंड दाखवणार नाही. ढवळ्या मात्र ठेवला. खोड लपवून विकायला मी काही आबा नव्हे.

सात वर्षं मी आबांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मग कळलं, आबा थकले. पुरावा म्हणून ढवळ्यालाच जुंपून गेलो. दारात त्यांची सून म्हणाली, "आबा रोज सकाळी स्वतःच्या मुलालाच विचारतात, पाहुणे कुठले?"

आबा उठून थेट बैलाजवळ गेले. त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "हाऊ तर मना ढवळ्या." मग माझ्याकडे पाहिलं. "तू कोन, भाऊ? हाऊ बैल मी एक कापडवालाले दिन्हा व्हता. पानीमा बसस, हाई त्याले सांगं नही. चूक मनी व्हती. लई तापट, पन सरळ मानूस. मी त्यानी वाट दखस. भेटना तं सांगजो."

"आबा, तो मीच."

त्यांनी माझा चेहरा जवळून, नीट न्याहाळला. पूर्वी गिऱ्हाइकाचा न्याहाळत तसाच. मग हसून मान हलवली. "नही, भाऊ. तो जवान व्हता."

सुनेनं चहा आणला. आबांनी आधी माझ्यापुढं ठेवला, पाहुणा म्हणून.

म्हणजे कबुली मिळाली, पण दुसऱ्याच कुणाला. ते वाट पाहत होते आणि मी चार कोसांवर रागावून बसलो होतो. आबांनी त्यांचा जाब दिला. या सात वर्षांचा जाब आता कोण देणार, ते मला कुणीतरी सांगा.